हनुवटी खाली घेऊन पाणी पिणारा नट

सिंगापूरला येऊन मला तिसरं वर्ष लागलं होतं. नवरा आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनियर आणि मी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं, ज्यांचं गिळणं बिघडतं त्यांना पुन्हा गिळायला शिकवायचं, हे माझं काम. बोलण्याचं महत्त्व लोकांना पटकन कळतं. पाण्याचा घोट चुकीच्या वाटेने गेला तर माणूस न्यूमोनियाने दगावू शकतो, हे मात्र समजावून सांगावं लागतं.

सार्सच्या साथीचं वर्ष नुकतंच सरलं होतं. त्या दिवसांत आम्ही तोंडावर मास्क लावून बोलायला शिकवत होतो. पेशंटला आमचे ओठ दिसत नव्हते आणि आम्हाला त्यांचे. म्हणूनच की काय, मास्क निघाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आलेल्या पेशंटचे चेहरे माझ्या फार ठळक लक्षात राहिले आहेत. त्यातल्याच एक त्या आजी.

आजी म्हणते ती मनातल्या मनात. तोंडाने मी त्यांना 'मॅम' म्हणत असे. वॉर्डातल्या नर्सेस सगळ्याच म्हाताऱ्या बायकांना म्हणतात तसं त्यांनाही 'आंटी' म्हणायच्या आणि ते त्यांना मुळीच खपत नसे. त्या अमेरिकन होत्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या, उंच, हाडापेराने मजबूत. यजमान गेल्यावर एकुलत्या एक मुलाकडे राहायला सिंगापूरला आल्या होत्या. मुलगा पंचावन्नच्या पुढचा, एका परदेशी बँकेत मोठ्या हुद्द्यावर. एका सकाळी नाश्ता करताना आजींच्या हातातला चमचा खाली पडला आणि तो उचलायला हात हललाच नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समोरच्याचं बोलणं सगळं कळत होतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही मनात पक्कं असायचं, पण शब्द काही केल्या ओठांपर्यंत येत नसे. आमच्या भाषेत हा वाचाघात.

पहिल्या भेटीआधी मुलाने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"गैरसमज करून घेऊ नका," तो म्हणाला, "पण आईसाठी इंग्रजी मातृभाषा असलेलं कुणी मिळेल का? आधीच ती गोंधळलेली आहे. त्यात उच्चार परके वाटले तर…"

असं मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकसारखेच म्हणतो, याचा पत्ता मला पुण्यात कधी लागला नव्हता, तो सिंगापुरात लागला. मी त्याला माझ्या सीनियरकडे नेलं. ती चिनी बाई, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. फाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, "दुसरी थेरपिस्ट रजेवर आहे. महिनाभर थांबणार का?" झटक्यानंतरचे पहिले आठवडे किती मोलाचे असतात हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं असावं. तो थांबला नाही. हा विषय पुन्हा कधी निघालाही नाही.

पहिल्या दिवशी बोलणं नव्हतंच, फक्त गिळणं. नुसतं पाणी आजींच्या श्वासनलिकेत उतरत होतं, म्हणून पावडर घालून दाट केलेलं पाणी द्यायचं होतं. मी माझा ग्लास हातात घेतला आणि करून दाखवलं. घोट तोंडात घ्यायचा, हनुवटी छातीकडे न्यायची आणि मग गिळायचं. तसं केल्याने श्वासाची वाट सांभाळली जाते. मी मान खाली घालून घोट गिळला आणि वर पाहिलं, तर आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"डॅडी," त्या म्हणाल्या.

अगदी स्वच्छ. अकरा दिवसांतला पहिला शब्द. मुलाने त्यांचा हात धरला, त्याचे डोळे भरून आले. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं, की असे खोल रुजलेले शब्द आधी बाहेर पडतात. आई, वडील, देवाचं नाव, शिव्या, एक ते दहा आकडे. त्यात फार अर्थ शोधू नका.

तिथे मी चुकले. आणि ते माझ्या लक्षात यायला जवळजवळ तीन महिने लागले.

आजींना घरी सोडल्यावर आठवड्यातून दोनदा मुलगा किंवा त्यांच्याकडची फिलिपिनो बाई त्यांना चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडे आणू लागली. घरचे फोटो घेऊन या, असं मी सांगितलं होतं. अनोळखी चित्रांपेक्षा ओळखीच्या चेहऱ्यांवर शब्द लवकर सापडतात. मुलाने नातवंडांचे, बागेचे, लग्नाचे फोटो आणले. त्याबरोबर एक जाड खाकी पाकीटही. ते आईच्या ट्रंकेच्या तळाशी मिळालं, आपण याआधी कधी पाहिलं नव्हतं, असं तो म्हणाला. आत पोस्टकार्डाच्या आकाराचे दहा-बारा फोटो होते. रुंद काठाची हॅट घातलेला एक सडपातळ माणूस, गळ्याला रुमाल, शेजारी कपाळावर पांढरा पट्टा असलेला घोडा. एका फोटोत तोच माणूस धावत्या घोड्याच्या पाठीवरून गाडीच्या टपावर उडी घेताना.

"हे माझे आजोबा," मुलगा म्हणाला. "गुरांचा चारा विकायचे. त्याआधी काही वर्षं सिनेमात होते म्हणे, मूकपटांच्या काळात. आईने कधी फारसं सांगितलं नाही."

मी एक फोटो आजींसमोर ठेवला. त्यांनी डावा हात घोड्याच्या तोंडावर ठेवला, खूप वेळ ठेवला आणि घोड्याचं नाव घेतलं. वडिलांचं नाव त्यानंतर दोन आठवड्यांनी आलं.

पुढे सांगते ते सलग वाटेल. मला ते महिनोन्‌महिने तुकड्यातुकड्याने मिळालं. मी विचारायचे, त्या 'येस' किंवा 'नो' म्हणायच्या. कधी एखादा शब्द, कधी डाव्या हाताने काढलेलं वेडंवाकडं चित्र. कधी फोटोमागे कुणीतरी शाईने लिहिलेली ओळ कामी यायची. एकदा पूर्ण पाऊण तास खर्चून मला इतकंच कळलं, की फोटोतला घोडा वडिलांच्या मालकीचा नव्हता.

त्यांचे वडील अमेरिकेच्या पश्चिमेकडचे, गुरांच्या कुरणावर वाढलेले. घोड्यावर बसायला आणि चालायला बरोबरच शिकलेले. एकोणीस वर्षांचे असताना एका घोडीला नाल ठोकताना तिने मागच्या पायाची लाथ झाडली, ती गळ्यावर बसली. आजींनी आपल्या गळ्याच्या घाटीवर डावी मूठ टेकवून दाखवलं. वडील महिनाभर पडून होते. जगले, पण आवाज पुन्हा नीट आला नाही. कुरणावरच्या माणसाला आवाज लागतो. शेकडो जनावरं हाकायची, वाऱ्यातून पलीकडच्या गड्याला ओरडून सांगायचं. त्यांना ते जमेना. लोक त्यांना पुनःपुन्हा 'काय?' म्हणायचे. हळूहळू ते बोलायचेच कमी झाले.

त्याच सुमाराला त्या खोऱ्यात सिनेमावाले आले. घोडे, पिस्तुलं, लुटारू आणि डोंगर असे दोन-दोन रिळांचे चित्रपट ते उघड्यावर काढत होते. त्यांना घोड्यावरून पडणारी माणसं हवी होती. वडील पहिल्याच दिवशी चार वेळा पडले आणि पाचव्यांदा आपणहून पडले, कारण चौथ्यांदा पडलेलं त्यांना स्वतःलाच पसंत नव्हतं. हे सांगताना आजी हसल्या. अर्धा चेहरा हसला.

पडता पडता ते नायकाच्या जागी उड्या मारू लागले आणि दोन वर्षांत स्वतः नायक झाले. तिथे दिग्दर्शक भोंग्यातून ओरडायचा, नटाने फक्त करायचं. पडद्यावर त्यांचं बोलणं पाटीवर लिहून यायचं आणि थिएटरात पियानो वाजायचा. घोड्याच्या कानाशी ते जे पुटपुटायचे ते घोड्याला पुरायचं. आवाज न लागणारं एकच काम जगात निघालं होतं, आणि ते त्यांना मिळालं होतं. आजींच्या लहानपणी घरी पोत्याने पत्रं येत. बहुतेक मुलांची. घोड्यालाही वेगळी पत्रं येत आणि त्यांची उत्तरं लिहायचं काम आजींकडे होतं. त्या सात वर्षांच्या असताना आई वारली. मग घरात बाप आणि लेक, दोघंच. वडील खुणांनी बोलायचे, लेकीला सगळं कळायचं.

इथपर्यंत आलो की आजी थांबत. पुढचे फोटो हाताने सारून देत. "नो." मी एक-दोनदा विचारून पाहिलं, "बोलपट आले तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात?" त्यांनी डाव्या हाताची बोटं मोजून बारा दाखवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

एके दिवशी सहज मी विचारलं, "त्यांचा आवाज कसा होता? करून दाखवता?"

आजींनी डोळे मिटले. मग त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला तो त्यांचा नव्हता. हवा जास्त आणि सूर कमी. खरखरीत, वरच्या पट्टीला फाटणारा. तीन-चार शब्दांनी श्वास संपत होता, मग मध्येच थांबून नवा श्वास. असा आवाज मी दर आठवड्याला क्लिनिकमध्ये ऐकत होते. गळ्यातल्या दोन स्वरतंतूंपैकी एकाची नस निकामी झाली की तो जागच्या जागी राहतो. दुसरा त्याच्याकडे सरकतो, पण भेट होत नाही. मधल्या फटीतून हवा निसटून जाते. अशा माणसाला पाणी पितानाही ठसका लागतो.

"पाणी पिताना ते खोकायचे का?" मी विचारलं.

आजींनी डोळे उघडले. मला हे कसं ठाऊक, असा तो चेहरा होता. "येस," त्या म्हणाल्या आणि रिकामा हात ओठांशी नेऊन त्यांनी हनुवटी छातीला टेकवली.

मला पहिला दिवस आठवला. तो शब्द आपोआप आलेला नव्हता. त्यांनी मला बघून वडिलांना ओळखलं होतं. जी गोष्ट मी पुस्तकातून शिकले होते, ती त्या माणसाने ठसके खात खात एकट्याने शोधून काढली होती.

सीनियरला सांगितलं तर ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं निदान करायचं नाही. तू त्याचा गळा पाहिला आहेस का?" तिचं खरं होतं. तरी आठवडाभर विचार करून मी आजींना सांगायचं ठरवलं. बोलपटांच्या आठवणीत काहीतरी रुतून बसलंय हे मला दिसत होतं, आणि वडिलांचा त्यात दोष नव्हता हे कळलं तर त्यांना बरं वाटेल, असं मी धरून चालले होते. मी स्वरयंत्राचं प्लास्टिकचं मॉडेल टेबलावर ठेवलं.

"लाथेने ही नस गेली असणार. नक्की नाही सांगता येणार, पण बहुतेक हेच. आज छोट्या शस्त्रक्रियेने ती फट भरून काढता येते. तेव्हा काहीच नव्हतं. आणि त्यांनी कितीही सराव केला असता, तरी हा तंतू हलला नसता. सरावाचा काही उपयोग नव्हता."

आजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी डाव्या हाताने मॉडेलला असा फटका मारला, की भिंतीवर आदळून त्याचे दोन तुकडे झाले.

"मी," त्या म्हणाल्या. "मी… रोज. किचन. रोज… अगेन. अगेन. अगेन."

त्यापुढे शब्द आला नाही. त्यांनी खुर्ची दाराकडे वळवायची खूण केली. पुढच्या दोन्ही अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्या संध्याकाळी घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सुटका म्हणून सांगितलंस. तिने काय म्हणून ऐकलं ते तुला माहीत नाही." मी त्याच्यावर चिडले. मग झोप लागेना, कारण तो बरोबर होता.

तिसऱ्या आठवड्यात आजी आल्या. मुलाला त्यांनी बाहेर बसायला लावलं. मग दोन बैठकांमध्ये त्यांनी मला राहिलेलं सांगितलं. त्यांच्याइतक्या कष्टाने कुणी काही सांगितल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. एकेका शब्दाला घाम येत होता.

बोलपट आल्यावर स्टुडिओने वडिलांना आवाजाची चाचणी द्यायला सांगितलं. बारा वर्षांच्या मुलीला शाळेत कवितापठणाची बक्षिसं मिळालेली. मी शिकवते, ती म्हणाली. शाळेतून आल्याबरोबर स्वयंपाकघरात वडिलांना उभं करायचं, हातात कागद द्यायचा, स्वतः लाकडी चमचा घेऊन टेबलावर ताल धरायचा. वाक्यात आवाज फाटला की चमचा आपटून 'अगेन'. वडील पुन्हा म्हणायचे. घसा सुजायचा, तरी म्हणायचे. एवढा मोठा माणूस, धावत्या घोड्यावरून उडी मारणारा, लेकीसमोर शाळकरी मुलासारखा उभा राहायचा. मुलीला कधी कधी त्यांचा राग यायचा. मन लावत नाहीत, असं तिला वाटायचं.

चाचणी कशीबशी पार पडली. एक बोलपट निघाला. त्यात त्यांना थोडीच वाक्यं होती, त्यांचाही तसाच सराव झाला. शनिवारी दुपारी गावच्या थिएटरात बाप-लेक बघायला गेले. ओळीत शेजारी तिच्या वर्गातल्या मैत्रिणी. पडद्यावर वडील घोड्यावरून उतरले, लुटारूंसमोर उभे राहिले आणि बोलले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग सगळं थिएटर.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

आजींनी डावा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. हसू दाबताना ठेवतात तसा.

"मी… पण," त्या म्हणाल्या. आणि मग हात खाली घेऊन, "डॅडी… बघितलं."

त्या उठून मैत्रिणींबरोबर बाहेर पळाल्या. संध्याकाळी वडील घरी आले, त्यांनी अंडी तळली, दोघांनी जेवून घेतलं. त्या दिवशी नाही आणि नंतर वडील जाईपर्यंतच्या सव्वीस वर्षांतही कधी नाही, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. वडिलांनी पुढे काही वर्षं पडायची कामं केली. छपरावरून गोळी लागून पडणारा, रस्त्यात मरून पडलेला, गर्दीतला चौथा स्वार. मग गुडघा मोडला आणि त्यांनी चाऱ्याचं दुकान काढलं. लेकीने नवऱ्याला, मुलाला सांगितलं ते बहुतेक चाऱ्याच्या दुकानाचंच.

मी पाणी दाट करून दिलं, त्यांनी ते नीट प्यायलं.

याच सुमारास मुलाचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. फोटो सापडल्यापासून तो अमेरिकेतल्या एका चित्रपट संग्रहालयाला ई-मेल करत होता. आजोबांचा एकही मूकपट शिल्लक नाही, असं उत्तर आलं होतं. त्या काळची फिल्म पेट घ्यायची, कुजून भुगा व्हायची, कित्येक रिळं आतली चांदी काढायला वितळवली गेली. "पण एक आहे! एकच मिळालाय. डीव्हीडी करून पाठवतायत. आईला न सांगता लावायचा, तिचा चेहरा बघायचाय मला."

"बोलपट आहे का?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

आजींच्या वडिलांचं सगळं काम नाहीसं झालं होतं, आणि राहिलं होतं ते नेमकं तेच. मी त्याला कारण सांगू शकत नव्हते. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं होतं ते, पोटच्या मुलाला बाहेर बसवून. मी इतकंच म्हटलं, "न सांगता लावू नका. मला त्यांना विचारू द्या."

आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी धड्याचा कागद पुढे ओढला. पुढच्या भेटीतही तेच. त्यानंतरच्या भेटीत, धडा संपवून निघताना, दारापाशी खुर्ची थांबवून म्हणाल्या, "बघायचं. तू… पण."

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर गेले. फिलिपिनो बाईने पडदे ओढले, एसी बारीक केला. मुलगा आईच्या डावीकडे बसला, मी उजवीकडे. चित्रपट म्हणाल तर अगदीच सामान्य होता. आवाजाची खरखर, कॅमेरा एका जागी खिळलेला, नट मंडळी फुलदाणीत लपवलेल्या मायक्रोफोनकडे झुकून बोलताहेत असं वाटावं. पण घोड्यावर बसून तो माणूस उतारावरून खाली आला तेव्हा मला, घोड्यातलं काही न कळणाऱ्या बाईला, कळलं की हा कुणी वेगळा आहे. तो खाली उतरला. लगाम सोडला. हॅट मागे सारली.

आणि बोलला. "इथे माझा भाऊ पुरलाय. मी जाणार नाही. तुम्ही जा."

त्या आवाजाबरोबर दुसरा आवाज खोलीत होता. मी वळून पाहिलं. आजी बोलत होत्या. पडद्याकडे बघत, वडिलांच्या बरोबर, शब्दाला शब्द, डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत. झटका आल्यापासून त्यांनी सलग तीन शब्द उच्चारले नव्हते. पाठ असलेलं, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून म्हटलेलं कधी कधी असं बाहेर येतं, हे मी शिकलेलं होतं. पण पंचाहत्तर वर्षं मागून आलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मुलाने माझ्याकडे बघितलं.

आजी म्हणाल्या, "अगेन." आम्ही तो प्रसंग पुन्हा लावला. दुसऱ्यांदा मी फक्त कानांनी ऐकलं, थेरपिस्टसारखं, आणि माझ्या लक्षात आलं की वाक्यं फार आखूड आहेत. बाकीचे नट लांबलचक बोलत होते. यांची वाक्यं मात्र बरोबर तिथे तुटत होती जिथे फटीतून हवा संपते. चौथ्या शब्दावर श्वास संपणाऱ्या माणसासाठी कुणीतरी ती बेतून कापली होती.

"ही वाक्यं अशी कुणी तोडली?" मी विचारलं. "स्टुडिओने?"

"नो." आजींनी हात छातीवर ठेवला. "मी. पेन्सिल."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "मॅम, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. सरावाचा उपयोग नाही असं म्हणाले मी. पण आजही अशा पेशंटला आम्ही हेच शिकवतो. श्वास बघायचा आणि वाक्य तिथे तोडायचं. तुम्ही शिकवलंत म्हणून ते शेवटच्या शब्दापर्यंत पोचले. ऐका, एकही शब्द गिळलेला नाही."

त्या रडल्या. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. मुलगा 'काय झालं' म्हणून मला विचारत राहिला. मी म्हटलं, "त्या सांगतील. त्यांना वेळ द्या."

आजी बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. त्या तीन ओळी महिनाभरात त्यांना एकट्याने म्हणता येऊ लागल्या, आणखी तीसेक शब्द परत आले. नातवाशी फोनवर 'हॅलो' आणि त्याचं नाव इतकं जमू लागलं. वर्षभराने मुलाची बदली झाली आणि ते अमेरिकेला परतले. पुढच्या हिवाळ्यात त्याचा ई-मेल आला. आई झोपेतच गेली, असं त्याने लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. 'थिएटरमधलं तिने मला सांगितलं. सांगायला तिला तीन दिवस लागले.'

त्यानंतर मी एक नियम स्वतःपुरता केला. कुणा आई-बापांचा आवाज गेला, की त्यांच्या मुलांना मी वेगळं बसवते आणि काय झालंय ते नीट सांगते. सीनियरला सुरुवातीला ते वेळेचा अपव्यय वाटायचं.

दोन-तीन वर्षांनी क्लेमेंटी भागातलं एक तमिळ कुटुंब आलं. वडिलांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एक स्वरतंतू गेला होता. आठ वर्षांची मुलगी युनिफॉर्ममध्येच आलेली. मी तिला मॉडेल दाखवलं. तिने ते उघडून बघितलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अप्पा बदकासारखे बोलतात ला," ती तिच्या खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "मला हसू आलं तर? देन हाऊ?"

"आलं तर हस," मी म्हटलं. "फक्त उठून जाऊ नकोस. तिथेच बस."

तिने थोडा विचार केला आणि मान हलवली. मी फाइल लिहायला बाहेर आले. दाराच्या काचेतून दिसत होतं, की तिने दप्तरातून वही काढली आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या स्पेलिंगच्या परीक्षेची यादी वडिलांच्या हातात दिली आहे. ते एकेक शब्द वाचत होते. एका शब्दाला ती खाली वाकून हसली, पेन्सिल खाली पडली. वडील थांबले. तिने पेन्सिल उचलली आणि पुढचा शब्द वाचायची खूण केली.